ड्युटीवर घरचं रिव्हॉल्व्हर चालेल का? एका नव्या पोलीस शिपायाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. खटाव तालुक्यातला एक तरुण सांगली जिल्हा पोलीस दलात शिपाई म्हणून भरती झाला, तुरचीच्या केंद्रात ट्रेनिंग केलं आणि आता जत भागातल्या एका ठाण्यात हजर झाला आहे. वडील मिलिटरीतून रिटायर. त्यांच्या नावावर .32 चं रिव्हॉल्व्हर आहे, परवाना चालू आहे. रात्रगस्तीला माणसं दोन, मोटारसायकल एक आणि हातात काठी. त्याचं म्हणणं असं, की सरकार मला पिस्तूल देत नाही आणि घरी चांगलं शस्त्र कपाटात पडून आहे, तर ते कमरेला लावून ड्युटी केली तर बिघडलं कुठं? वडिलांच्या परवान्यावर चालत नसेल, तर माझ्या नावावर परवाना काढून तरी चालेल का?

तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे आहात, पण वर्दी घातलीत म्हणून 'तुम्ही'च म्हणतो. माझी नोकरी बरीचशी जिल्हा मुख्यालयाच्या शस्त्रागारात आणि फायरिंग बटवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या मैदानावर गेली. त्यामुळे हा प्रश्न मी बराकीत, चहाच्या टपरीवर आणि एकदोनदा चौकशीच्या खोलीतही ऐकलेला आहे. उत्तर आधीच देऊन टाकतो. वडिलांचं रिव्हॉल्व्हर नेलंत तर सरळ गुन्हा होतो, आणि त्यात वडीलही ओढले जातात. स्वतःच्या परवान्याचं नेलंत तर वरिष्ठांच्या लेखी आदेशाशिवाय ते खात्याच्या शिस्तीत बसत नाही, आणि बंदोबस्ताच्या निम्म्या ठिकाणी परवान्याच्या अटीतही बसत नाही. 'नाही' एवढं ऐकून कुणाचं समाधान होत नाही, म्हणून कारणं सांगतो.

शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे परवाना माणसाला मिळतो. ते रेशनकार्ड नव्हे, की घरातल्या सगळ्यांची नावं एकाच कागदावर. कलम 3 मध्ये एक छोटी सवलत आहे. शस्त्र दुरुस्तीला किंवा परवाना नूतनीकरणाला न्यायचं असेल, तर परवानाधारकासोबत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस ते नेऊ शकतो. परवानाधारकाला स्वतःला वापरायला हवं असेल तेव्हाही हीच सोय. म्हणजे वडिलांची चिठ्ठी घेऊन तुम्ही ते दुरुस्तीला नेऊ शकता, गस्तीला नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं झाली आहे. शिवाय हक्क नसलेल्या माणसाच्या हातात शस्त्र सोपवणं हा देणाऱ्याचा स्वतंत्र गुन्हा आहे. आयुष्यभर शिस्तीत काढलेल्या बापाला म्हातारपणी आरोपी करायचं का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

आता बराकीतले वकील लगेच म्हणतात, "कलम 45 आहे की! लोकसेवकाला कर्तव्य बजावताना शस्त्र कायदा लागू नाही." कलम खरं आहे. त्याच्या जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 28 दाखवतात, की पोलीस हा कायम ड्युटीवरच समजला जातो. दोन्ही जोडली की घरचं रिव्हॉल्व्हर आपोआप सरकारी होतं, असा हिशेब मांडतात. कलम 45 ची सूट कर्तव्याच्या ओघात बाळगलेल्या शस्त्राला आहे, आणि तुमच्या कर्तव्यात शस्त्र आहे की नाही, असेल तर कुठलं, हे खातं ठरवतं. तुमच्या नावावर गार्ड ड्युटी लागली, शस्त्रागारातून रायफल निघाली, रजिस्टरला सही झाली, की ती रायफल कर्तव्याच्या ओघात आली. कपाटातून स्वतःच्या मनाने उचललेलं रिव्हॉल्व्हर तुमच्या ड्युटी वाटपात कुठंच नसतं. ते न्यायालयाला पटवून देण्याची पाळी आलीच, तर तोवर तुम्ही निलंबित असाल, हे धरून चाला.

मग स्वतःच्या नावावर परवाना? पोलीस आहे म्हणून तो मागता येत नाही असं काही नाही. तुमचं वय एकवीस पूर्ण आहे, अर्ज करू शकता. सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्यात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, पोलीस अहवाल येतो. अर्ज खात्यामार्फत, निदान खात्याला कळवून करा. खरेदी झाल्यावर वर्तणूक नियमांप्रमाणे जंगम मालमत्तेची माहिती द्यायची आहे का, तेही कार्यालयात विचारून घ्या. परवाना मिळाला तर तो नागरिक म्हणून मिळतो. सुट्टीच्या दिवशी, साध्या कपड्यात, अटी पाळून ते बाळगा, कुणी अडवणार नाही. तेव्हा गोळी झाडायची वेळ आली, तर तुमचा बचावही चारचौघांसारखा स्वसंरक्षणाच्या हक्काचाच असेल.

त्या अटी मात्र एकदा वाचा. परवानाधारक त्या वाचत नाहीत. फोटो बरा आला का एवढं बघतात आणि पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवतात. खास परवानगी नसेल, तर जत्रा, धार्मिक मिरवणूक किंवा सार्वजनिक जमाव यात शस्त्र न्यायचं नाही, शाळा-कॉलेजच्या आवारात न्यायचं नाही, असं त्यात असतं. आता तुमच्या वर्षभराच्या ड्युट्या डोळ्यांपुढे आणा. तासगावचा रथोत्सव, खरसुंडीची यात्रा, मिरजेचा उरूस, गणपतीच्या मिरवणुका, परीक्षा केंद्रांचा बंदोबस्त. साताऱ्याकडे बदली झाली तर पुसेगाव, मांढरदेव, पाल, म्हसवड. पोलिसाची ड्युटी जिथं जिथं लागते, नेमकी तीच ठिकाणं खासगी परवान्याला वर्ज्य आहेत.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते.

शस्त्रागारातून पिस्तूल कसं निघतं ते तुम्ही पाहिलं असेल, पण घाईत पाहिलं असेल. आर्मोरर, म्हणजे शस्त्रं सांभाळणारा कर्मचारी, आधी मॅगझीन काढतो. तोंड मोकळ्या दिशेला ठेवून स्लाइड मागे ओढतो, चेंबरमध्ये डोळ्याने बघतो आणि मग करंगळीचं टोक आत घालून चाचपतो, कारण पहाटेच्या उजेडात डोळा फसतो. मग बॉडी नंबर मोठ्याने वाचतो, समोरचा रजिस्टरला ताडून बघतो. काडतुसं एकेक करून मोजून हातात देतो. घेणाऱ्याचं नाव, बकल नंबर, ड्युटी, वेळ, सही. ठाण्यात गेल्यावर डायरीत रवानगी. परत येताना हेच सगळं उलट्या क्रमाने. एक काडतूस कमी भरलं तर त्या दिवशी कुणी जेवायला जात नाही. फायरिंग बटवर तर झाडलेल्या गोळ्यांच्या पुंगळ्यासुद्धा मोजून घेतात. एक पुंगळी गवतात हरवली म्हणून अख्खी तुकडी उन्हात वाकून गवत चाळताना मी कित्येकदा पाहिली आहे. नव्या पोरांना तो छळ वाटतो.

हा छळ तुमच्यासाठी आहे. समजा गस्तीत झटापट झाली, गोळी सुटली, समोरचा माणूस गेला. सप्टेंबर 2014 मध्ये पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस चकमकीतल्या मृत्यूच्या तपासासाठी 16 मार्गदर्शक सूत्रं घालून दिली आहेत. तपास दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने किंवा सीआयडीने करायचा, दंडाधिकारी चौकशी व्हायची, आणि संबंधित पोलिसाने आपलं शस्त्र न्यायवैद्यक व बॅलिस्टिक तपासणीसाठी जमा करायचं. प्रयोगशाळेत नळीच्या आट्यांचे ओरखडे गोळीच्या शिशावर बघतात, फायरिंग पिनचा ठसा पुंगळीच्या बुडावर बघतात, आणि गोळी कुठल्या शस्त्रातून सुटली ते सांगतात. शस्त्र सरकारी असेल तर पुढचे सगळे प्रश्न कागद सोडवतो. ते तुमच्याकडे किती वाजता आलं, कुठल्या ड्युटीसाठी आलं, किती गोळ्या होत्या, किती उरल्या. सगळं तुमच्या तोंडून नव्हे, दुसऱ्याच्या हस्ताक्षरात, घटनेच्या आधी लिहिलेलं.

घरच्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत यातलं काहीच नसतं. त्या रात्री त्यात किती गोळ्या होत्या, हे फक्त तुम्ही सांगणार. ते का आणलं, हाही प्रश्न येणार, आणि फिर्यादीचा वकील तो एका वाक्यात मांडणार: याला खात्याने शस्त्र दिलं नव्हतं, हा घरून तयारीने आला होता. तुम्ही भीतीपोटी आणलेलं असतं, पण तिथं ते पूर्वतयारी म्हणून वाचलं जातं. गोळी अगदी योग्य कारणासाठी सुटली असली तरी.

शस्त्राची हालत हा वेगळा विषय. निवडणुका आल्या की छाननी समिती ठरवेल त्या परवानाधारकांची शस्त्रं ठाण्यात जमा होतात. अशी खासगी शस्त्रं मी पुष्कळ उघडून पाहिली आहेत. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर बाहेर काढायला जावं तर तो सुटतच नाही, कारण दहा वर्षांपूर्वी घातलेलं तेल आटून डिंकासारखं झालेलं. काडतुसांच्या पितळेवर हिरवं चढलेलं. चामड्याच्या कव्हरमध्येच कायम ठेवल्याने नळीवर जिथं चामडं टेकतं तिथं गंजाची पट्टी. मालक मात्र सांगणार, "साहेब, एकदम कंडिशनमध्ये आहे, दसऱ्याला पूजा करतो ना!" तुमचे वडील फौजी आहेत, त्यांचं नीट असेलही. पण सरकारी शस्त्राची तपासणी ठरलेल्या वेळी होते आणि घरच्याची मालकाच्या मर्जीवर.

काडतुसांचाही घोळ बघा. .32 हे नागरिकांना मिळणाऱ्या बोअरमध्ये, म्हणजे नळीच्या मापात येतं. खात्याच्या पिस्तुलाची 9 मि.मी. गोळी प्रतिबंधित बोअरची आहे. एकाची गोळी दुसऱ्यात चालत नाही, त्यामुळे अडीअडचणीला जोडीदाराकडून घेता येणार नाही. आणि उलट बाजूने एक इशारा, न विचारता देतो. सरावातली एखादी जिवंत 9 मि.मी. गोळी आठवण म्हणून खिशात टाकून घरी नेणारी पोरं असतात. खात्याची गोळी ड्युटीबाहेर तुमच्या ट्रंकेत सापडली, तर ते प्रतिबंधित दारूगोळा बाळगणं होतं, आणि 2019 नंतर त्याची शिक्षा सात वर्षांपासून सुरू होते. कीचेनला लावायला पुंगळी हवी असेल, तर तीही मागू नका.

"अमेरिकेत तर पोलीस स्वतःचं पिस्तूल वापरतात," असंही तुम्ही लिहिलं आहे. काही खात्यांत वापरतात, हे खरं. पण तिथं प्रत्येक शहराचं, प्रत्येक काउंटीचं पोलीस खातं वेगळं, नियमही वेगळे. जिथं परवानगी असते तिथंही साधारणपणे खात्याने मंजूर केलेल्या यादीतलंच शस्त्र, खात्याच्या आर्मोररने तपासलेलं, त्यावर नेमबाजीची परीक्षा पास झालेला माणूस, आणि गोळ्याही खात्याने ठरवलेल्या. म्हणजे पैसे अधिकाऱ्याचे असले तरी हिशेब खात्याचाच. आणि तो सगळा समाजच बंदुका बाळगणारा. इंग्लंडमध्ये बहुसंख्य पोलीस आजही बंदुकीविना फिरतात. आपण कुणाची नक्कल करायची हे रीलवर ठरू नये.

यापेक्षा मोठी गोष्ट, जी नव्या माणसाला कुणी सांगत नाही. कमरेचं शस्त्र वापरण्याची वेळ बहुतेकांच्या पूर्ण नोकरीत येत नाही, पण ते सांभाळण्याची वेळ रोज येते. दारूच्या गुत्त्यावर दोघांना सोडवताना तुम्ही मध्ये घुसता, तुमचे दोन्ही हात गुंतलेले असतात, आणि कंबर तिसऱ्याच्या हाताशी असते. बाजारातलं चामड्याचं कव्हर बघा: वर एक पट्टी आणि एक टिचबटण. ते मागून एका बोटाने उघडतं. त्यात वर्दीतलं शस्त्र आणि ते बांधून ठेवणारी दोरी नाही, म्हणजे गेलंच. शस्त्र अंगाशी कोपराने दाबून ठेवत बोलायचं, संशयिताकडे शस्त्राची बाजू करून उभं राहायचं नाही, जोडीदाराने कुठं थांबायचं, या सवयी महिनोन् महिने अंगात मुरवाव्या लागतात. माझं स्पष्ट मत आहे, की पहिल्या वर्षातल्या शिपायाला रात्रगस्तीत एकट्याने कमरेला छोटं शस्त्र लावण्यापेक्षा चांगली काठी, चांगली बॅटरी आणि चालू वायरलेस जास्त वाचवतात. सगळ्यांना हे पटत नाही. माझ्याच बॅचचे काही मित्र या मुद्द्यावर अजून वाद घालतात.

तुम्ही ओंबळे साहेबांचं नाव घेतलंत, म्हणून त्याबद्दल. तुकाराम ओंबळे आपल्या जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. 26/11 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त काठी असताना त्यांनी कसाबची एके-47 धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. 2009 मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्यांच्या हातात शस्त्र हवं होतं, यात दुमत असूच शकत नाही. पण ते देणं सरकारचं काम होतं. त्या हल्ल्यानंतर फोर्स वन ही राज्य पोलिसांची कमांडो तुकडी उभी राहिली, नवी शस्त्रं आली, ती मागणी लावून धरल्यामुळे. प्रत्येकाने घरून बंदूक आणावी, हा धडा त्यातून कुणी काढला नाही. एके-47 पुढे .32 चं रिव्हॉल्व्हर काय करणार होतं, तेही मनाशी विचारा.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या मान्य करतो. तुम्ही शिपाई आहात, फौजदार असतात तर सर्व्हिस पिस्तुलाचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटला असता. उद्या एलसीबीत (स्थानिक गुन्हे शाखेत) गेलात, कैद्यांची ने-आण करणाऱ्या कैदी पार्टीला लागलात, ट्रेझरी गार्ड मिळाला, तर शस्त्र मिळेलच. तुमच्या जिवाला विशिष्ट माणसाकडून धोका असेल, धमकी आली असेल, तर ती गोष्ट निराळी. ती लेखी द्या, धोक्याचं मूल्यांकन होतं, आणि त्यातून पोलीस अधीक्षक जो लेखी आदेश देतील तो माझ्या या सगळ्या उत्तरापेक्षा मोठा. तोंडी परवानगीवर मात्र जाऊ नका. "घेऊन ये, मी बघतो" म्हणणारे साहेब चांगले असतात, पण बदलून जातात.

मग आज काय करायचं? तुमची खरी अडचण रिव्हॉल्व्हरची नाही. जतच्या पट्ट्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून, दोन माणसं एका गाडीवर रात्री फिरतात आणि मदतीची गाडी लांब असते, ही अडचण आहे. ती प्रभारी अधिकाऱ्यांना लेखी सांगा. अर्जात घटना लिहा: कुठल्या रस्त्यावर, किती वाजता, काय झालं. "भीती वाटते" असं लिहू नका, ते फाईलला लागतं आणि तिथंच झोपतं. अमुक बीटच्या रात्रगस्तीला एक सशस्त्र अंमलदार द्यावा, किंवा गस्त चारचाकीतून व्हावी, अशी नेमकी मागणी करा. जोडीदाराची सही घ्या. गस्तीवर निघताना आणि ठरलेल्या ठिकाणी पोचल्यावर वायरलेसवर कळवा, म्हणजे गप्प झालात तर कुणाच्या तरी लक्षात येईल. मुख्यालयाचा फायरिंग सराव लागला, की टाळू नका. पोरं दुखणं काढून चुकवतात आणि मग शस्त्र मिळत नाही म्हणून कुरकुरतात. ज्याच्या सरावाचे निकाल चांगले आणि ज्याचा काडतुसांचा हिशेब कधी चुकला नाही, त्याचं नाव सशस्त्र ड्युटीसाठी आरपीआय (राखीव पोलीस निरीक्षक) साहेबांना आपसूक आठवतं.

स्वतःच्या पैशाने काही घ्यायचंच असेल, तर डोक्याला लावायची बॅटरी, टाचेला धरणारे बूट आणि रक्त थांबवायची पट्टी घ्या. यातल्या एकालाही परवाना लागत नाही.

राहता राहिलं वडिलांचं रिव्हॉल्व्हर. ते वाया जाईल अशी काळजी तुमच्या प्रश्नात मला दिसली. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचं वय सत्तर झालं किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा, ते कायदेशीर वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. वारस पात्र हवा आणि एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त शस्त्रं नकोत. वडिलांच्या परवान्यावर खरेदीची तारीख असेल, ती बघा. पंचवीस वर्षं भरत असतील तर वडिलांनी आणि तुम्ही मिळून जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. भावंडं असतील तर त्यांची संमती आधीच लेखी घेऊन ठेवा, घरात भांडण त्याच कागदावरून होतं. आणि नूतनीकरणाची मुदत, आता पाच वर्षांची असते, ती संपलेली नाही ना, एवढं या सुट्टीत घरी गेलात की तपासा. फौजी माणसंसुद्धा ती तारीख विसरतात.